मशीन यार्डात उभं, मीटर मात्र पळतंय : जुना जेसीबी कन्साइनमेंटवर विकताना

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, झोपला नव्हता ना? मला एक सांग, आपलं मशीन यार्डात उभंय. मग मोबाइलवर तास कसे काय वाढाय लागले?"

भाऊ जालना जिल्ह्यातला, भोकरदन तालुक्यातला. त्याचं मशीन म्हणजे बॅकहो लोडर, आपण सगळे ज्याला जेसीबी म्हणतो ते. २०१८ चं मॉडेल. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ते जिल्ह्याबाहेरच्या एका यार्डात विकायला लावलं होतं. विकत दिलं नव्हतं, विकायला ठेवलं होतं. गिऱ्हाईक मिळालं की यार्डवाला आपलं कमिशन कापून बाकीचे पैसे देणार, असा तोंडी आणि अर्धा लेखी ठराव. मशीनमध्ये कंपनीने बसवलेली टेलिमॅटिक्स यंत्रणा होती आणि तिचं सबस्क्रिप्शन चुकून चालू राहिलं होतं. भावाने सहज म्हणून ॲप उघडलं तर अकरा दिवसांत इंजिनाचे ६३ तास वाढलेले. नकाशावरचा ठिपका यार्डात नव्हताच. तो सतरा किलोमीटर लांब, कुठल्याशा प्लॉटिंगच्या कामावर होता.

यार्डवाल्याचं म्हणणं, "डेमो दिला हो गिऱ्हाइकाला." ६३ तासांचा डेमो!

या फोननंतर मी हा विषय नीट खणून काढायचा ठरवला. आपल्याकडे सेकंड-हँड मोबाइल आणि गाड्यांवर ढीगभर माहिती आहे. जुनं जेसीबी, पोकलेन, टिपर, ग्रेडर विकताना काय होतं यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आत्ता अनेकांच्या दारात उभा आहे.

मशीनं आली कुठून आणि थांबली का

समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. निधोन्याजवळ जालन्याचं इंटरचेंज आहे. काम जोरात असताना मुरूम, भराव, खडी यासाठी रात्रंदिवस मशीनं लागत होती. आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी तेव्हा हप्त्यावर जेसीबी काढले. कुणी शेत तारण ठेवलं, कुणी बायकोचे दागिने. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रस्ता झाला म्हणजे त्यावरचं काम संपलं, हे उघड आहे. हप्ता काही संपत नाही.

जोडीला जलयुक्त शिवार, गाळ काढणं, शेततळी ही कामं होतीच. आपल्या जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षबागा उभ्या केल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ही कामं हंगामी. उन्हाळ्यात तीन महिने मशीनला उसंत नाही आणि पावसाळ्यात चार महिने झाडाखाली. २०२५ मध्ये राज्यभर सरकारी कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले. मोठ्या कंत्राटदाराचं बिल अडकलं की त्याच्याकडे तासावर मशीन लावणाऱ्या लहान माणसाचं भाडं त्याच्याही आधी अडकतं. माझ्या भावाचं तेच झालं. मशीनने कामं केली, उधारीची वही जाड झाली, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

मग विकायचं ठरतं. आता जुनं मशीन विकायचे तीन-चार रस्ते आहेत. एक, ओळखीच्या दलालाला रोखीत देऊन मोकळं व्हायचं. दोन, लिलावात टाकायचं, प्रत्यक्ष मैदानातल्या किंवा ऑनलाइन. तीन, स्वतः फोटो टाकून गिऱ्हाईक शोधायचं. चौथा रस्ता कन्साइनमेंटचा.

कन्साइनमेंट म्हणजे आपली अडतच

शब्द इंग्रजी आहे, पण व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. जालन्याच्या मोंढ्यात शेतकरी सोयाबीन किंवा मोसंबी घेऊन जातो तेव्हा आडत्या माल विकत घेत नाही. माल शेतकऱ्याचाच राहतो. आडत्या जागा देतो, बोली लावतो, गिऱ्हाईक पाहतो, विक्री झाली की आपली अडत घेतो आणि हमाली, तोलाई कापून हिशोबाची पट्टी हातात देतो. कन्साइनमेंट म्हणजे हेच. मशीन तुमचं, जागा यार्डाची, विक्री झाली तर कमिशन त्यांचं.

फरक इतकाच की सोयाबीनचा सौदा त्याच दिवशी होतो. जेसीबीला दोन-तीन महिने लागतात. तेवढा काळ तुमचा दहा-बारा लाखांचा ऐवज दुसऱ्याच्या आवारात, त्याच्या किल्लीने चालू होणारा असतो. सोयाबीनचं पोतं आडत्याने रात्री भाड्याने दिलं असं कधी ऐकलंय का? मशीनचं ते होऊ शकतं.

यार्डवाल्यांना हा प्रकार का आवडतो, हेही समजून घ्या. पूर्वी डीलर जुनी मशीनं विकत घेऊन साठवायचे. एकेका मशीनमध्ये दहा-पंधरा लाख अडकवायचे, त्यावर व्याज भरायचं आणि बाजार पडला तर तोटाही सोसायचा. कन्साइनमेंटमध्ये हे सगळं मालकाच्या गळ्यात राहतं. वीस मशीनं उभी करायला यार्डवाल्याला फक्त कुंपण आणि वॉचमन लागतो. मी याला फसवणूक म्हणत नाही, धंद्याची ही रीत जगभर आहे. पण "आम्ही तुम्हाला जास्त भाव मिळवून देतो" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग "आणि जोखीम तुमच्याकडे ठेवतो" असा आहे, तो कुणी बोलत नाही.

आणि तो जास्तीचा भाव खरंच जास्त असतो का? भावासाठी मी कागदावर हिशोब मांडला. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. दलाल रोखीत १२ लाख २५ हजार देतोय. यार्डवाला म्हणतो १४ लाख येतील. कमिशन ४ टक्के, म्हणजे ५६ हजार. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १०,०८० रुपये. लो-बेड ट्रेलरचं भाडं १८ हजार. यार्डभाडं दिवसाला १५० रुपये, नव्वद दिवसांचे १३,५००. धुणं, रंग, बॅटरी, एखादा होजपाइप असा २५ हजारांचा खर्च. कर्जाचे ६ लाख बाकी आहेत, १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज १८ हजार. सगळं वजा केलं की हातात १२ लाख ५९ हजार ४२० उरतात. म्हणजे तीन महिने थांबून फायदा साधारण ३४ हजारांचा.

आता १४ ऐवजी साडेतेरा लाखच आले तर? हातात १२ लाख ११ हजार ७८० येतात. दलालाच्या रोखीपेक्षा तेरा हजारांनी कमी. किमतीत पन्नास हजारांचा फरक पडला की सगळं उलटं. भाऊ हे बघून म्हणाला, "हे आधी मांडलं असतं तर ट्रेलर केलाच नसता."

थोडी तुलना लिलावाशीही करून पाहा. कॅनडातली रिची ब्रदर्स ही कंपनी १९५८ पासून या धंद्यात आहे. त्यांची ओळखच मुळी राखीव किंमत नसलेल्या लिलावाची आहे. किमान भाव नाही, मालकाला स्वतःच्या मशीनवर बोली लावता येत नाही, जी शेवटची बोली ती विक्री. ऐकायला आत्मघात वाटतो. पण खरेदीदाराला खात्री असते की मशीन आज विकलं जाणारच, म्हणून तो लांबून येतो आणि खरी बोली लावतो. २०१७ मध्ये त्यांनी आयर्नप्लॅनेट ही ऑनलाइन लिलावाची कंपनी विकत घेतली. तिचा जोर मशीन जागेवरच ठेवून त्याच्या तपासणीचा सविस्तर अहवाल देण्यावर होता. आपल्याकडे श्रीराम ऑटोमॉलसारख्या कंपन्या मैदानात आणि ऑनलाइन दोन्ही लिलाव घेतात. केंद्र सरकारची एमएसटीसी सरकारी खात्यांची जुनी यंत्रं आणि भंगार ई-लिलावाने विकते. आपल्याकडच्या बऱ्याच लिलावांत मात्र राखीव किंमत असते, आणि सर्वात मोठी बोली आली तरी "मालकाच्या मंजुरीवर" सौदा लटकतो. यात मालकाला सुरक्षित वाटतं आणि खरेदीदार कंटाळतो. माझं मत विचाराल तर कर्ज अंगावर असलेल्या एका मशीनच्या मालकाने राखीव किंमत नसलेल्या लिलावाच्या नादी लागू नये. शंभर मशीनं विकणाऱ्याला एखादं पडेल भावात गेलं तर चालतं, आपल्याला नाही.

मशीनचं खरं वय कुठे लिहिलेलं असतं

कार किलोमीटरवर मोजतात, मशीन तासांवर. डॅशबोर्डवरचा आवर मीटर हा जुन्या मशीनच्या भावाचा कणा. आणि म्हणूनच सर्वात जास्त खोटंही तिथेच बोललं जातं. जुन्या, यांत्रिक पंपाच्या मशीनमध्ये मीटर हा एक सुटा डबा असतो. वायर काढली की थांबतो, दुसरा बसवला की शून्यावर येतो. नव्या मशीनमध्ये इंजिनाचा कंट्रोलर स्वतःच्या मेमरीत तास लिहून ठेवतो. मीटर बदलला तरी कंट्रोलरची नोंद शिल्लक राहते. डीलरच्या लॅपटॉपवर ती वाचता येते.

टेलिमॅटिक्स ही त्याची पुढची पायरी. जेसीबीचं लाइव्हलिंक, कोमात्सुचं कोमट्रॅक्स, कॅटरपिलरचं व्हिजनलिंक ही त्यातली ओळखीची नावं. आत एक छोटा डबा असतो. त्यात जीपीएस, एक सिमकार्ड आणि मशीनच्या अंतर्गत वायरिंगला जोडलेली एक तार. इंजिन किती वेळ चालू होतं, कुठे होतं, डिझेल किती गेलं, कुठला बिघाडाचा कोड आला, हे तो डबा ठरावीक वेळाने सर्व्हरला पाठवतो. काही यंत्रणा एक फार उपयोगी गोष्ट सांगतात : इंजिन चालू असून मशीन नुसतंच गुरगुरत उभं होतं ते तास किती आणि खरोखर खोदकाम केलं ते तास किती. निरनिराळ्या कंपन्यांची ही माहिती एका पडद्यावर यावी म्हणून आयएसओ १५१४३-३ नावाचं मानकही आहे.

गंमत अशी की बहुतेक मालक ही यंत्रणा ऑपरेटर डिझेल चोरतो का ते पाहायला वापरतात. विकताना तिचा खरा उपयोग आहे. सात वर्षांचा तासांचा इतिहास छापून गिऱ्हाइकापुढे ठेवला तर घासाघीस अर्धी कमी होते. आणि कन्साइनमेंटच्या काळात तर ती तुमची वॉचमन आहे. म्हणून मशीन यार्डात सोडताना सबस्क्रिप्शन बंद करू नका. काहीजण "आता विकायचंच आहे, कशाला पैसे भरायचे" म्हणून तेच आधी बंद करतात. ज्यांच्या मशीनमध्ये ही यंत्रणा नाही त्यांनी बाजारात मिळणारा साधा जीपीएस ट्रॅकर बसवावा. इग्निशनची तार जोडलेला असेल तर मशीन केव्हा चालू झालं तेही कळतं. सौदा पक्का झाल्यावर मात्र खातं नव्या मालकाच्या नावे करून द्या किंवा बंद करा. नाहीतर त्याचं मशीन कुठे फिरतंय ते तुम्हाला दिसत राहील, हे बरं नाही.

तासांच्या पलीकडे मशीनचं अंग बोलतं. अनुभवी मिस्त्री आधी बकेट जमिनीवर टेकवून पिन-बुशची हालचाल बघतो. पोकलेनची चेन आणि रोलर किती झिजले ते पट्टीने मोजतो, कारण तिथला खर्च लाखांत असतो. इंजिन तापल्यावर ऑइलच्या झाकणातून धूर किती येतो ते पाहतो. आता यात ऑइलच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली चाचणी आली आहे. ऑइलमध्ये लोखंडाचे कण वाढलेले दिसले तर आतला भाग झिजतोय. सिलिकॉन वाढलेला दिसला तर बहुधा धूळ आत गेलीय, म्हणजे एअर फिल्टर वेळेवर बदललेला नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि मुरमाच्या धुळीत हा दुसरा आजार फार. चाचणीचा खर्च मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. तरी दोन्ही बाजूंनी ती टाळतात. का, ते तुम्हीच ओळखा.

मशीन अगदीच संपलं तरी जालन्यात त्याला एक तळभाव आहे. आपल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल भंगारावरच चालतात. वीस टनाचं पोकलेन आणि किलोला समजा ३० रुपये धरले तर ६ लाख होतात. साडेसात टनाच्या जेसीबीचे सव्वादोन लाख. कुणी याच्या आसपास भाव मागत असेल तर तो तुमचं मशीन लोखंड म्हणून घेतोय, हे लक्षात ठेवा. काही वेळा तेच योग्यही असतं.

भाव हलवणारे दोन निर्णय

१ जानेवारी २०२५ पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ५ हे धुराचे निकष लागू झाले. त्याआधीचा स्टेज ४ एप्रिल २०२१ पासून होता. स्टेज ५ मध्ये धुरातल्या कणांच्या वजनासोबत त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली, म्हणजे धूर गाळणारी आणखी यंत्रणा, आणखी सेन्सर. नवं मशीन त्यामुळे महागलं आणि गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेर गेलं. परिणाम असा की २०२१ पूर्वीची, साध्या इंजिनाची, पाना-हातोडीने उघडणारी मशीनं खेड्यात लोकांना आवडतात. हवेसाठी ही वाईट बातमी आहे, पण विकणाऱ्यासाठी चांगली.

दुसरा निर्णय जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू ट्रक-टिपरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कराआधी ४० लाखांचा टिपर पूर्वी ५१ लाख २० हजारांना पडायचा, आता ४७ लाख २० हजारांना. ज्याला इनपुट क्रेडिट मिळतं त्या कंपनीला यात फार फरक नाही. पण नोंदणी नसलेला लहान मालक नव्याकडे वळला की जुन्या टिपरचा भाव दबतो. जेसीबी-पोकलेनवर आधीही १८ टक्केच होता, आताही तेवढाच आहे. तेव्हा "जीएसटी कमी झाला म्हणून तुमच्या जेसीबीचा भाव पडला" असं कुणी सांगत असेल तर त्याला हसून चहा पाजा.

तुमच्या विक्रीवर कर लागतो का? सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही. एकच मशीन भाड्याने चालवणारे बरेचजण यातच बसतात. ज्यांनी नोंदणी करून मशीन घेताना क्रेडिट घेतलं आहे, त्यांना विकताना कर भरावा लागतो. उरलेलं क्रेडिट किंवा विक्रीवरचा कर, जे जास्त असेल ते. कन्साइनमेंटमध्ये एक जास्तीची गाठ आहे. बिल यार्डवाला स्वतःच्या नावाने काढणार की तुमच्या नावाने? जीएसटी खात्याच्या ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार मालाचं बिल एजंटच्या नावाने निघत असेल तर मालकाकडून एजंटकडे माल जाणं हाच करासाठी पुरवठा धरला जातो, मध्ये पैसे न फिरताही. म्हणजे नोंदणी असलेल्या मालकाला मशीन विकलं जाण्याच्या आधीच कराचा हिशोब करावा लागू शकतो. हे मशीन पाठवण्याआधी सीएला विचारायचं, नंतर नाही.

सही केलेल्या कोऱ्या फॉर्मची गोष्ट

भावाला मी पहिला प्रश्न विचारला, "सह्या कशावर केल्यास?" फोनवर शांतता. मग म्हणाला, "फॉर्म २९ आणि ३०. कोरेच होते. ते म्हणले गिऱ्हाईक आलं की भरू."

जेसीबी हे नोंदणी असलेलं वाहन आहे. आरसी बुकावर नाव आहे तोवर कायद्यासाठी मालक तुम्ही. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ ला हेच स्पष्ट केलं. गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली असली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येते. आता विचार करा. माझ्या भावाचं मशीन त्या प्लॉटिंगवर रात्री मागे घेताना कुणाच्या अंगावर गेलं असतं तर? ऑपरेटर कोण, त्याला माहीत नाही. विमा चालू आहे का, तेही त्याला आठवत नव्हतं. कागदावर मालक तोच. मला त्या ६३ तासांच्या भाड्यापेक्षा याची जास्त धास्ती वाटली.

यावर सरकारने एक बरा उपाय केला आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांच्या डीलरसाठी नवे नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुम्ही वाहन त्याच्या ताब्यात दिलं की दोघांनी मिळून फॉर्म २९ सी मध्ये ती नोंद पोर्टलवर करायची. त्यानंतर डीलर 'मानीव मालक' धरला जातो आणि वाहनाची जबाबदारी त्याच्याकडे जाते. वाहन कुठे, कोणी, कशासाठी नेलं याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवायची असते. म्हणजे यार्डात गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा नको. "तुमचं प्रमाणपत्र दाखवा आणि २९ सी करून द्या." जो याला टाळाटाळ करतो त्याच्याकडे मशीन ठेवू नये, मग तो कितीही भाव सांगू दे.

चेनवरच्या पोकलेनचं वेगळं आहे. बांधकाम वाहनाची कायद्यातली व्याख्या टायर किंवा रोलरच्या यंत्रांची आहे. चेनच्या मशीनला सहसा आरसी नसते. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे मूळ बिल, फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि मशीनच्या चौकटीवर कोरलेला सतरा अक्षरी नंबर. हा नंबर बिलाशी जुळवून पाहिल्याशिवाय ना विकायचं, ना घ्यायचं.

आता करार. तुम्ही मशीन ठेवलंत, विकलं नाहीत, याला १८७२ च्या करार कायद्यात निक्षेप म्हणतात. ठरलेल्या अटींबाहेर त्याचा वापर केला आणि त्या काळात काही नुकसान झालं तर ते ठेवणाऱ्याने भरून द्यायचं, असं कलम १५४ सांगतं. कलम १६३ तर मला फारच आवडलं. वस्तू ठेवीत असताना तिच्यातून काही वाढ किंवा नफा झाला तर, वेगळं ठरलेलं नसेल तर, तो मूळ मालकाचा. कायद्यातच उदाहरण दिलंय : गाय सांभाळायला दिली आणि तिला वासरू झालं, तर वासरूही परत करायचं. माझ्या वाचनानुसार त्या ६३ तासांचं भाडं हे आमच्या गाईचं वासरू आहे.

पण १९३० च्या मालविक्री कायद्यातलं कलम २७ उलट बाजूचं आहे आणि ते जास्त बोचतं. मालकाच्या संमतीने माल ताब्यात असलेला व्यापारी एजंट नेहमीच्या धंद्याच्या रीतीने तो विकतो आणि घेणारा प्रामाणिक असतो, तेव्हा घेणाऱ्याला चांगली मालकी मिळते. म्हणजे तुम्ही "तेराच्या खाली द्यायचं नाही" म्हणालात आणि यार्डवाल्याने साडेदहाला देऊन टाकलं, तर खरेदीदाराकडून मशीन परत मिळवणं अवघड. तुमचं भांडण फक्त यार्डवाल्याशी उरतं. त्यात सही केलेले कोरे फॉर्म त्याच्या खणात असतील तर त्याचा रस्ता अगदीच मोकळा. किमान भाव करारात लिहा आणि जाहिरातीतही छापायला लावा, म्हणजे घेणाऱ्यालाही तो माहीत होता असं म्हणता येतं. कोरी सही कुणालाच देऊ नका.

पैशाचंही तसंच. यार्ड कंपनी बुडाली तर २०१६ चा दिवाळखोरी कायदा सांगतो की ठेवीत असलेली दुसऱ्याची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरायची नाही. मशीन तुमचंच. मात्र विक्री होऊन पैसे यार्डवाल्याच्या चालू खात्यात जमा झाले आणि इतर रकमांत मिसळले, की ते वेगळे काढून मागणं फार कठीण. त्यामुळे खरेदीदाराने कर्जाची बाकी थेट फायनान्स कंपनीला भरायची, उरलेले तुमच्या खात्यात टाकायचे आणि कमिशन तुम्ही यार्डवाल्याला द्यायचं, असा क्रम लिहून घ्या. यार्डवाले याला नाक मुरडतात. त्यांची भीतीही खोटी नाही, कमिशन बुडवणारे मालकही आहेत. मग कमिशनापुरता इसार आधी त्यांच्याकडे जाऊ द्या.

मोंढ्यातली एक गोष्ट इथे आठवते. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला, तेव्हा बाजार बंद पडतील अशी हाकाटी झाली होती. परदेशातल्या यंत्रांच्या लिलावांतही खरेदीदाराकडून वेगळं शुल्क घ्यायची पद्धत आहे. जुन्या मशीनच्या धंद्यात आपल्याकडे दोन्ही बाजूंनी कमिशन घेतलं जातं आणि एकाला दुसऱ्याचं कळू दिलं जात नाही. करारात एवढी एक ओळ घाला की विक्रीची पट्टी मालकाला दाखवायची, खरेदीदाराने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेसह.

भावाच्या मशीनचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं यार्डात गेलो. ॲपमधले अकरा दिवसांचे ठिपके आणि तास छापून नेले होते. यार्डवाल्याने कागद पाहिला, चहा मागवला आणि यार्डभाडं माफ केलं. कोरे फॉर्म परत घेतले, तिथेच फाडले. मशीन ट्रेलरवर घालून घरी आणलं. महिन्याभराने ते जाफराबादकडच्या एका गिऱ्हाइकाला १२ लाख ६० हजारांना थेट विकलं. सप्टेंबर २०२५ च्या पावसात जमिनी खरडून गेल्या होत्या, माती ओढायला त्याला मशीन हवंच होतं. फायनान्सचं ना-हरकत पत्र, फॉर्म ३५ आणि आरसीवरचं नाव बदलून झाल्यावरच किल्ली दिली.

त्या ६३ तासांचे, तासाला हजार धरले तरी, ६३ हजार होतात. डिझेल आणि ऑपरेटर वजा करून आम्ही मागणीची नोटीस पाठवली आहे. यार्डवाला अजून "डेमो"वरच अडून आहे. भाऊ परवा म्हणाला, "दादा, सोड आता." मी सोडलेलं नाही.